शांत प्रांताच्या वाली

[दृश्य: बामियानचं खोरं. तांबूस कडा, कड्यात दोन रिकामे कोनाडे, खाली बटाट्याची शेतं.]

अफगाणिस्तानातल्या बामियानला येणाऱ्या माणसाची नजर आधी या कोनाड्यांकडेच जाते. एक साधारण ५५ मीटर उंच, दुसरा ३८ मीटर. जवळजवळ दीड हजार वर्षं इथे बुद्धाच्या दोन मूर्ती उभ्या होत्या. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या सुरुंग लावून उडवल्या. ती बातमी जगभर गेली, आपल्याकडेही पहिल्या पानावर आली.

त्याच्या दोनच महिने आधी, जानेवारीत, याच प्रांतातल्या यकावलंगमध्ये तालिबानने घराघरांतून पुरुष बाहेर काढले आणि त्यांना गोळ्या घातल्या. सुमारे १७० माणसं मारली गेली. हजारा समाजाची, शिया पंथाची माणसं. ती बातमी फारशी कुठे पोहोचली नाही. बामियानची कहाणी सांगायची तर मूर्तींच्या आधी या माणसांपासून सुरुवात करायला हवी, असं मला वाटतं. पुढे या प्रांताची सूत्रं ज्यांच्या हाती आली, त्यांना कारभार करायचा होता तो याच माणसांच्या विधवांसाठी आणि मुलांसाठी.

मार्च २००५. राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी बामियानच्या वालीपदी डॉ. हबीबा सराबी यांची नेमणूक केली. वाली म्हणजे प्रांताचा प्रमुख. अफगाणिस्तानच्या ३४ प्रांतांपैकी एकाही प्रांतात त्याआधी या खुर्चीवर बाई बसली नव्हती.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. मझार-ए-शरीफ, काबूल विद्यापीठ.]

सराबी यांचा जन्म १९५६ चा, मझार-ए-शरीफचा. कुटुंब हजारा. शिक्षण काबूलमध्ये झालं, वैद्यकीय शाखेत. १९८७ मध्ये पदवी घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या भारतात आल्या. रक्तविकारांचा अभ्यास त्यांनी आपल्या देशात पुरा केला, मग काबूलला परतून शिकवू लागल्या. आयुष्य प्रयोगशाळेत आणि वर्गात जायचं, असंच तेव्हा दिसत होतं.

सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतलं. बायकांची नोकरी गेली, मुलींच्या शाळा बंद झाल्या. सराबी मुलांना घेऊन सीमेपलीकडे पेशावरला गेल्या. घरच्या वडीलधाऱ्यांना सांभाळायला नवरा काबूलमध्येच थांबला. पेशावरच्या आसपास निर्वासितांच्या छावण्या होत्या. तिथे त्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली, पुढे अफगाण मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेचा कारभार पाहू लागल्या. आणि मधूनमधून गुपचूप अफगाणिस्तानात जात राहिल्या. तिथे घराघरांत चोरून वर्ग चालत. वरकरणी शिवणकाम किंवा कुराणपठण, आत गणित आणि वाचन. पकडलं गेलं तर शिक्षिकेची आणि घरमालकाची, दोघांचीही धडगत नव्हती.

२००१ च्या अखेरीस तालिबानची सत्ता गेली. २००२ ते २००४ सराबी महिला कल्याण मंत्री होत्या. याच काळात देशाची नवी राज्यघटना आली. स्त्री-पुरुषांना समान हक्क आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २४९ पैकी ६८ जागा बायकांसाठी, अशी तरतूद तिच्यात होती. मंत्रिपद संपल्यावर परदेशात राजदूत व्हायची वाट त्यांना मोकळी होती. सराबींनी मात्र प्रांत मागून घेतला. काबूलमध्ये बसून बायकांसाठी धोरणं लिहिणं वेगळं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून सरकार चालवून दाखवणं वेगळं, याचा अंदाज मंत्रालयात त्यांना आला असणार.

[दृश्य: बर्फाने बंद झालेली खिंड. दोन माणसं आणि एक गाढव वाट काढतायत.]

प्रांत कसा मिळाला? समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरवरचं खोरं. हिवाळ्यात बर्फ पडलं की गावंच्या गावं तुटतात. तालिबानने नव्वदच्या दशकात या भागाची नाकेबंदी केली होती, मग बाजारपेठ उद्ध्वस्त केली. डांबरी रस्ता जवळजवळ नव्हताच. वीज नाही. घरं पडलेली माणसं कड्यातल्या गुहांत बिऱ्हाड करून राहत होती, जिथे कधीकाळी भिक्खू राहायचे.

आणि वालीचे अधिकार? आपल्याकडच्या राज्यपालाशी गल्लत नको. वालीचं काम पाहायचं तर आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टरची आठवण यावी, पण कलेक्टरच्या हाती असलेली यंत्रणा तेव्हाच्या वालीच्या हाती नव्हती. वालीला राष्ट्राध्यक्ष नेमायचा आणि राष्ट्राध्यक्षच काढायचा. पोलीसप्रमुख गृहमंत्रालयाचा. शिक्षक शिक्षण मंत्रालयाचे, दवाखाने आरोग्य मंत्रालयाचे. प्रत्येक खात्याचा पैसा काबूलहून त्या खात्यामार्फत यायचा. वालीने बैठक घ्यायची, तंटे सोडवायचे, खात्यांच्या मागे लागायचं, पाहुण्यांना भेटायचं, आणि काही बिघडलं की लोकांच्या शिव्या खायच्या.

मग इतर वाली सत्ता कशी गाजवायचे? बहुतेकांकडे स्वतःची माणसं होती, स्वतःच्या बंदुका होत्या. हेलमंदचे शेर मोहम्मद अखुंदजादा पाहा. २००५ मध्ये त्यांच्या आवारात नऊ टन अफू सापडली. ब्रिटिशांनी आग्रह धरला तेव्हा कुठे ते पदावरून गेले, आणि पुढे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात जाऊन बसले. बल्खचे अत्ता मोहम्मद नूर २००४ पासून गादीवर होते. डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष घनी यांनी त्यांना हटवल्याचं जाहीर केलं, तरी ते तीन महिने हलले नाहीत. अशा माणसांशी काबूल जपून वागत असे, कारण ती बिथरली तर प्रांत पेटेल ही भीती.

सराबींकडे टोळी नव्हती. बंदुकीच्या जोरावर मोठे झालेले स्थानिक कमांडर एका डॉक्टर बाईच्या हाताखाली यायला नाखूश होते, मुल्लांपैकीही अनेकांना ही नेमणूक रुचली नव्हती. निषेध झाले, काबूलला तक्रारी गेल्या. सराबी आल्या आणि कामाला लागल्या. पुढची आठ वर्षं त्या टिकल्या. पाठीशी बंदूक नसताना ही खुर्ची इतकी वर्षं सांभाळलेला दुसरा वाली त्या काळात शोधावा लागेल.

[दृश्य: मुलींची शाळा. पांढरे रुमाल, पाठीवर दप्तर, चिखलवाट.]

बामियानमध्ये मुली शाळेत जाऊ लागल्या. दक्षिणेतल्या प्रांतांशी तुलना केली तर इथलं मुलींचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. याचं सगळं श्रेय एकट्या वालींना देणं बरोबर होणार नाही. हजारा समाजात शिक्षणाची ओढ आधीपासून आहे. पिढ्यान्‌पिढ्या हमाली आणि घरकाम करून दबलेल्या लोकांना वर यायची तेवढीच एक वाट दिसत होती. पण बाप मुलीला घेऊन दाखला मागायला सरकारी कचेरीत येतो आणि समोर प्रांताची सर्वांत मोठी अधिकारी म्हणून एक बाई बसलेली असते, याचा परिणाम होतोच. बामियानमध्ये बायका पोलिसात भरती झाल्या, विद्यापीठात मुली आल्या. शेजारच्या दायकुंदीत, नीली शहरात, अझरा जाफरी देशातल्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

आता या कहाणीतली सगळ्यात बोचणारी गोष्ट. बामियान शांत होता. इथे तालिबानला थारा नव्हता, अफूचं पीक नगण्य होतं, लोक सरकारच्या बाजूचे होते. परदेशी फौजांपैकी इथे न्यूझीलंडची छोटी तुकडी होती, २००३ ते २०१३. आणि नेमका म्हणूनच इथे पैसा आला नाही.

मदतीचा ओघ लढाईच्या मागे जात होता. हेलमंद, कंदहार या प्रांतांत अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या मोठ्या फौजा होत्या. त्यांच्याबरोबर रस्ते, कालवे, शाळांच्या इमारती यांच्यासाठी प्रचंड निधी गेला. हेतू हा, की लोकांची मनं जिंकावी. बामियानची मनं जिंकायची गरजच नव्हती, ती आधीच सरकारकडे होती. मग त्यांना द्यायचं कशाला? सराबी परदेशी पाहुण्यांना, पत्रकारांना, काबूलच्या मंत्र्यांना हेच सांगत राहिल्या, की शांत राहिल्याची शिक्षा आम्हाला देऊ नका. मला हे म्हणणं शंभर टक्के पटतं. अफूच्या शेतकऱ्याला अफू सोडण्यासाठी पैसे आणि बटाटा पिकवणाऱ्याला काहीच नाही, यातून पुढच्या माणसाने काय शिकायचं?

[दृश्य: बामियानचा चौक. मधोमध उभारलेला भलामोठा कंदील.]

हा कंदील नीट पाहा. बामियानच्या तरुणांनी तो चौकात उभा केला, वीज नाही म्हणून. घरात पेटतो तसाच कंदील, फक्त माणसाच्या कितीतरी पट उंच. इथे दगड फेकला नाही कुणी, टायर जाळला नाही. याच मंडळींनी एकदा शहरातला धुळीचा रस्ता गवत-मातीच्या गिलाव्याने सारवला. घराच्या भिंती आणि छपरं लिंपायला वापरतात तो कागिल त्यांनी रस्त्यावर पसरला. सरकार डांबर टाकत नाही तर निदान हे तरी. आणि एकदा त्यांनी एका गाढवाचा जाहीर सत्कार केला. गावांत पाणी आणतं गाढव, सरपण आणतं गाढव, बर्फात आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचवतं तेही गाढव, मग मानपत्र त्यालाच द्यायला हवं.

अशा निषेधांचा रोख काबूलवर होता तसा वालींच्या कचेरीवरही. लोकांना उत्तर हवं होतं आणि दारात तीच कचेरी होती. पण या माणसांना गोळ्या घालून पांगवलं गेलं नाही. त्या वेळच्या अफगाणिस्तानात ही लहान गोष्ट नव्हती. बाहेरच्या वाहिनीवरची वीज मात्र आली नाही. पुढे २०१६ मध्ये मध्य आशियातून येणारी ५०० किलोव्होल्टची वाहिनी बामियानमार्गे न नेता सालंग खिंडीतून न्यायचं ठरलं, तेव्हा हजारा तरुण काबूलच्या रस्त्यावर उतरले. २३ जुलैला त्यांच्या मोर्चात इस्लामिक स्टेटच्या आत्मघातकी हल्लेखोरांनी स्फोट केले. ८० हून अधिक माणसं गेली. विजेची वाहिनी मागायला आलेली माणसं होती ती.

[दृश्य: निळ्याशार पाण्याचा तलाव, भोवती उघडे डोंगर. पाण्यावर हंसाच्या आकाराच्या नावा.]

हे बंद-ए-अमीर. बामियान शहराच्या पश्चिमेला, यकावलंगमध्ये, जिथे ते हत्याकांड झालं त्याच जिल्ह्यात. सहा तलाव आहेत: हैबत, जुल्फिकार, पनीर, पुदिना, कंबर, गुलामान. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरवर. यांचे बांध माणसाने घातलेले नाहीत. डोंगरातल्या भेगांतून चुनखडी विरघळलेलं पाणी येतं, हवा लागली की चुना साका धरतो, आणि थरावर थर चढत शतकानुशतकांत भिंत तयार होते. काही ठिकाणी ती बारा मीटर उंच आहे. भिंतीवरून पाणी झिरपत पुढच्या पायरीवर उतरतं. लोकांची श्रद्धा अशी, की हे बांध हजरत अलींनी घातले. काठावर त्यांच्या नावाचं श्रद्धास्थान आहे, नवस बोलायला बायका-मुलं येतात.

या तलावांना राष्ट्रीय उद्यान करायचा विचार सत्तरच्या दशकातच झाला होता, मग युद्ध सुरू झालं. मधल्या काळात मासे मारायला लोक पाण्यात हातबॉम्ब टाकत. काठची झुडपं सरपणासाठी गेली. सुरुंग पेरलेले होते ते वेगळेच. सराबींनी हा विषय हाती धरला. वन्यजीव संवर्धनाचं काम करणारे लोक आले, अमेरिकेची मदत आली, पण खरी मेहनत गावांशी बोलण्याची होती. तलावांच्या आसपासच्या गावांची समिती केली. चराईचं काय, सरपणाचं काय, दुकानं कुठे लावायची, गाड्या कुठपर्यंत येऊ द्यायच्या, हे सगळं त्या बैठकांत ठरायचं. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या माणसाला ‘इथे चारू नको’ म्हणायचं तर त्याच्या हाती दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. पर्यटकांकडून येणारा पैसा हे ते दुसरं काहीतरी होतं.

२२ एप्रिल २००९ रोजी, वसुंधरादिनी, बंद-ए-अमीर अफगाणिस्तानचं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. काबूलहून, मझारहून कुटुंबं येऊ लागली. उन्हाळ्यात काठावर कबाबच्या गाड्या, पोरांचा गोंधळ, पाण्यावर पायाने हाकायच्या नावा. पुढे उद्यानात महिला वनरक्षकही नेमल्या गेल्या. आपण ज्या अफगाणिस्तानच्या बातम्या बघत मोठे झालो, त्यात हे दृश्य कधी आलंच नाही.

मूर्तींचा प्रश्नही त्यांच्या टेबलावर होता. ढासळणारे कोनाडे सावरायचं काम युनेस्कोच्या देखरेखीखाली चाललं होतं. निदान एक मूर्ती पुन्हा उभी राहावी, या बाजूने सराबी बोलल्या. दुसरा कोनाडा तसाच राहावा, आठवण म्हणून. तज्ज्ञांत यावर मतभेद होते आणि ते कधी मिटले नाहीत. एक गोष्ट आपण विसरू नये: सत्तरच्या दशकात याच मूर्तींची डागडुजी भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केली होती. भारताचं बामियानशी आणखी एक नातं जुळता जुळता राहिलं. हाजीगकच्या प्रचंड लोहखाणींचा मोठा हिस्सा २०११ मध्ये ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या नेतृत्वाखालच्या भारतीय कंपन्यांच्या गटाला मिळाला. रस्ता, रोजगार, पोलाद कारखाना, सगळं बोललं गेलं. खाण सुरू झालीच नाही.

[दृश्य: डोंगरी रस्ता. चेकनाका, रिकामं वळण.]

बामियानच्या आत शांतता होती, पण बामियानला पोहोचायचं कसं? काबूलहून दोन वाटा. एक घोरबंद खोऱ्यातून, दुसरी मैदान वर्दक प्रांतातून. दोन्ही वाटांवर तालिबान माणसं उतरवून घेई. हजारा चेहरा लगेच ओळखू येतो. जून २०११ मध्ये बामियानच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष जवाद झोहाक यांना काबूलच्या वाटेवर पळवून नेलं आणि ठार मारलं. सराबींचे रोजचे सहकारी होते ते.

पुढच्याच महिन्यात, १७ जुलै २०११ ला, परदेशी फौजांकडून सुरक्षेची जबाबदारी अफगाण फौजांकडे देण्याची सुरुवात झाली, आणि देशात पहिला मान बामियानला मिळाला. समारंभ गाजावाजा न करता उरकला, हल्ल्याच्या भीतीने. त्याच दिवशी काबूलमध्ये जान मोहम्मद खान यांची हत्या झाली. ते उरुझगानचे माजी वाली, करझाईंचे जवळचे, बंदुकीच्या जोरावर प्रांत चालवलेले. एकाच दिवसाच्या बातमीपत्रात हे दोन प्रांत शेजारी शेजारी आले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, बामियानच्या ईशान्य भागात न्यूझीलंडचे पाच सैनिक मारले गेले. एप्रिल २०१३ ला त्यांची तुकडी परत गेली.

२०१३ मध्येच सराबींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विनोबा भावे, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्यामुळे मराठी घरात हे नाव ओळखीचं आहे. त्याच वर्षी त्यांनी वालीपद सोडलं आणि २०१४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झलमाई रसूल यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. प्रचारात त्या प्रांताप्रांतांत फिरल्या, पुरुषांनी भरलेल्या सभांत बोलल्या. रसूल तिसरे आले.

२०१५ मध्ये दायकुंदीत मासूमा मुरादी आणि घोरमध्ये सीमा जोयेंदा या वाली झाल्या. जोयेंदांना त्याच वर्षी हटवण्यात आलं, मुरादींना २०१७ पर्यंत विरोध झेलत काढावं लागलं. वाट उघडली होती, रुंद झाली नव्हती.

[दृश्य: दोहा. लांब टेबल, दोन्ही बाजूंना पुरुषांच्या रांगा.]

सप्टेंबर २०२० मध्ये दोहाला तालिबानशी वाटाघाटी सुरू झाल्या. सरकारच्या बाजूने चार बायका होत्या: फौजिया कूफी, फातिमा गैलानी, शरिफा झुरमती आणि हबीबा सराबी. समोर एकही बाई नाही. ज्यांच्या राजवटीत चोरून मुलींना शिकवलं, ज्यांनी यकावलंगमध्ये माणसं मारली, त्यांच्यासमोर बसून त्या बोलत होत्या. मार्च २०२१ मध्ये मॉस्कोला परिषद झाली, तेव्हा तर अख्ख्या शिष्टमंडळात त्या एकट्याच बाई. त्यांनी तिथेच यजमानांना विचारलं, की या खोलीत मी एकटीच का? अर्ध्या लोकसंख्येला बाहेर ठेवून कसली शांतता करणार?

पाच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, तालिबान काबूलमध्ये शिरलं. बामियानमध्ये हजारा नेते अब्दुल अली मझारी यांचा पुतळा फोडण्यात आला. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. ३४ प्रांतांच्या वालींत आज एकही बाई नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये तालिबानचे सदाचार खात्याचे मंत्री मोहम्मद खालिद हनफी बामियानला आले. बायका नीट हिजाब पाळत नाहीत, असं म्हणत त्यांनी बंद-ए-अमीरमध्ये बायकांना जाऊ देऊ नये, असं मौलवींना आणि सुरक्षा दलांना सांगितलं. बायकांनी फिरायला जाणं काही गरजेचं नाही, हे त्यांचं कारण.

गावांच्या बैठका घेऊन ज्यांनी ते उद्यान उभं केलं, त्या वालींनाही आज तिथे जायची परवानगी नाही. तलावाच्या काठावर नवस बोलायला येणाऱ्या यकावलंगच्या बायकांनाही नाही.